कॅथलिक मतं निवडणूक फिरवतात का?

अमेरिकेच्या २०२४ च्या निवडणुकीवर प्रबंध लिहिणाऱ्या सोलापूरच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: ‘कॅथलिक मतं ज्याच्याकडे जातात तोच अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होतो, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे खरं आहे का? चर्च सांगेल तसं हे लोक मत देतात का? भारतात असं कुठे घडतं का, आणि आपल्या सोलापुरात त्याचा काही संबंध लागतो का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘बऱ्याच अंशी हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी कशी, ते नीट उलगडून सांगतो. कॅथलिक म्हणजे पोपला धर्मप्रमुख मानणारे ख्रिस्ती. हे मतदार फुटतात, एका निवडणुकीतून दुसरीत सरकतात, आणि जिथे थोडक्यात निकाल लागतो अशा भागांत मोठ्या संख्येने राहतात. त्यांचं वजन यातून येतं. ते सगळे एकाच बाजूला ठाम बसले असते, तर एका पक्षाने त्यांना गृहीत धरलं असतं, दुसऱ्याने सोडून दिलं असतं आणि आज त्यांच्याबद्दल कोणी विचारलंही नसतं.

मी सोलापुरात बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवलं आणि निवडणुकीत बूथनिहाय हिशेब करून दिले. त्या कामात सर्वाधिक ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘अमुक समाजाची मतं आपल्याला एकगठ्ठा पडणार’. आपल्याच मतदारसंघाचं बघा. २०१९ मध्ये गौडगाव मठाचे जयसिद्धेश्वर स्वामी भाजपकडून ५,२४,९८५ मतं घेऊन लोकसभेत गेले. सुशीलकुमार शिंदे यांना ३,६६,३७७ मतं पडली. लगेच सगळीकडे एकच कारण सांगितलं गेलं: लिंगायत समाज स्वामींच्या मागे उभा राहिला. पण त्याच निवडणुकीत प्रकाश आंबेडकर यांनी १,७०,००७ मतं घेतली होती आणि विजयाचं अंतर होतं १,५८,६०८. म्हणजे एका समाजाच्या मतांनी हा निकाल समजतच नाही. पाच वर्षांनी तेच लिंगायत, तेच पूर्व भागातले पद्मशाली, तेच मराठा, दलित आणि मुस्लीम मतदार होते, आणि प्रणिती शिंदे ७४,१९७ मतांनी निवडून आल्या. मधल्या काळात उमेदवार बदलला, मराठा आरक्षणाचा राग साचला, आणि कांद्यावरची निर्यातबंदी आपल्याकडच्या मतदानाच्या जेमतेम तीन दिवस आधी, ४ मे २०२४ ला उठली. मतदाराला जात असते, धर्म असतो, तसा बाजार समितीत न विकला गेलेला कांदाही असतो. हे सोलापुरात मान्य करणारे लोक अमेरिकेतल्या किंवा केरळमधल्या कॅथलिकांबद्दल बोलताना मात्र हे विसरतात.

आता अमेरिका. १९२८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ हे एका मोठ्या पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे पहिले कॅथलिक उमेदवार ठरले. त्यांच्याविरुद्ध भयंकर प्रचार झाला: हा निवडून आला तर व्हाइट हाउसचा कारभार पोप चालवील, असं उघड बोललं गेलं. ते हर्बर्ट हूव्हर यांच्याकडून सपाटून हरले. एरवी डेमोक्रॅट पक्षाची हक्काची असलेली दक्षिणेकडची टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनियासारखी राज्यंही हातची गेली. मात्र मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड ही कॅथलिक स्थलांतरितांनी भरलेली राज्यं त्यांना मिळाली. म्हणजे कॅथलिक ओळखीने मतं आणलीही आणि घालवलीही. हे दोन्ही परिणाम एकत्र मोजायचे असतात, आणि इथेच बहुतेक विश्लेषणं चुकतात.

१९६० मध्ये जॉन केनेडी यांनी हा हिशेब बरोबर ओळखला होता. वेस्ट व्हर्जिनियासारख्या जवळपास पूर्ण प्रोटेस्टंट राज्यात त्यांनी पक्षांतर्गत निवडणूक जिंकून दाखवली, आणि १२ सप्टेंबरला ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मगुरूंच्या सभेत जाऊन सांगितलं की आपण कॅथलिकांचे उमेदवार नाही; आपण डेमोक्रॅट पक्षाचे उमेदवार आहोत आणि आपला धर्म कॅथलिक आहे. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीनुसार सुमारे ७८ टक्के कॅथलिकांनी त्यांना मत दिलं. चारच वर्षांपूर्वी याच कॅथलिकांपैकी जवळपास निम्म्यांनी रिपब्लिकन आयझेनहॉवर यांना मत दिलं होतं. देशभरात केनेडींचं मताधिक्य सव्वा लाखाच्याही आत होतं. धर्मामुळे देशभरच्या एकूण मतांत केनेडींचा तोटाच झाला, पण उत्तरेकडच्या मोठ्या औद्योगिक राज्यांत फायदा झाला, असा त्या काळच्या अभ्यासकांचा निष्कर्ष होता. तिथे राष्ट्राध्यक्ष राज्यनिहाय प्रतिनिधींच्या मतांनी ठरतो, त्यामुळे मतं किती यापेक्षा कुठली, हे निर्णायक ठरलं.

ते ७८ टक्के पुन्हा कधी दिसले नाहीत. आयरिश, इटालियन, पोलिश कामगारांची मुलं शिकली, गिरण्या-कारखान्यांच्या वस्त्या सोडून उपनगरांत गेली. आजोबांचा पक्ष त्यांना आपला वाटेनासा झाला. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रो विरुद्ध वेड खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि धार्मिक मतदारांची नवी फाळणी सुरू झाली. २००४ मध्ये जॉन केरी स्वतः कॅथलिक होते, तरी एक्झिट पोलनुसार ५२ टक्के कॅथलिकांनी मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या जॉर्ज बुश यांना मत दिलं, केरींना ४७ टक्क्यांनी. एका बाजूला आपल्याच धर्माचा माणूस उभा असताना समाजाने दुसरीकडे मत दिल्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. २००८ मध्ये तेच मतदार ५४ विरुद्ध ४५ असे ओबामांकडे आले. २०२० मध्ये देशाला बायडन यांच्या रूपाने दुसरा कॅथलिक राष्ट्राध्यक्ष मिळाला, पण कॅथलिक मतं जवळपास अर्धी-अर्धी वाटली गेली. २०२४ मध्ये ट्रम्प यांची आघाडी स्पष्ट होती. प्यू या जनमत अभ्यासणाऱ्या संस्थेच्या, मतदार यादीशी पडताळलेल्या मतदारांच्या पाहणीत ती ५५ विरुद्ध ४३ आहे, एक्झिट पोलमध्ये याहून जास्त.

इथे प्रबंधासाठी एक सूचना. एकाच निवडणुकीचे तीन पाहण्यांतले आकडे तीन असतात. मतदान केंद्राबाहेर विचारून काढलेला आकडा, फोनवर विचारून काढलेला आकडा आणि मतदार यादीशी पडताळून काढलेला आकडा यांत चार-पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. त्यामुळे ‘कॅथलिक मतं दोन टक्क्यांनी सरकली’ यासारख्या विधानावर प्रकरण उभं करू नका. एकाच संस्थेची मालिका घ्या आणि तीच शेवटपर्यंत वापरा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: ‘कॅथलिक’ या एका रकान्यात किमान दोन समाज आहेत. अमेरिकेतले साधारण वीस टक्के प्रौढ कॅथलिक आहेत, आणि त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिश भाषक देशांतून आलेल्यांचे वंशज. गोरे कॅथलिक आता साधारण दहात सहा रिपब्लिकन पक्षाला मत देतात. हिस्पॅनिक कॅथलिकांचा कल अजून डेमोक्रॅट पक्षाकडे आहे, पण तो झपाट्याने कमी होतो आहे. मेक्सिकोच्या सीमेवरचा टेक्सासमधला स्टार परगणा जवळपास पूर्ण हिस्पॅनिक आहे. तिथे २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले. १८९२ नंतर रिपब्लिकन उमेदवाराला तिथे मिळालेला हा पहिला विजय. तिथल्या लोकांनी धर्म बदलला नव्हता. महागाई, सीमेवरचा गोंधळ आणि रोजगार यांवर त्यांनी मत दिलं.

मग ‘कॅथलिक मतं ज्याची तो राष्ट्राध्यक्ष’ हे वाक्य आलं कुठून? २०१६ बघा. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतलं ट्रम्प यांचं एकूण मताधिक्य होतं ७७,७४४. म्हणजे प्रणिती शिंदे सोलापुरात जितक्या मतांनी जिंकल्या, साधारण तितक्या मतांनी जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाची सत्ता ठरली. या तिन्ही राज्यांत जुन्या कारखान्यांची शहरं आहेत आणि तिथे पोलिश, आयरिश, इटालियन, जर्मन वंशाचे कॅथलिक मोठ्या संख्येने राहतात. हे मतदार देशाच्या सरासरीच्या जवळ मतदान करतात. म्हणून कॅथलिकांचा कल आणि देशाचा कल बहुतेक वेळा एकाच दिशेने दिसतो. कॅथलिकांमुळे निकाल लागला की निकाल घडवणाऱ्याच कारणांनी कॅथलिकही हलले, हे यातून सिद्ध होत नाही. प्रबंधात हा फरक ठसठशीत मांडा; परीक्षक नेमका तिथेच बोट ठेवतील.

चर्च सांगेल तसं लोक मत देतात का? अमेरिकेतले बिशप, म्हणजे चर्चचे प्रादेशिक प्रमुख, दर निवडणुकीआधी मार्गदर्शक पत्रक काढतात, त्यात गर्भपाताला प्राधान्याचा मुद्दा म्हटलेलं असतं. तरीही पाहणी केली की सुमारे दहातले सहा अमेरिकन कॅथलिक गर्भपात सर्व किंवा बहुतेक परिस्थितीत कायदेशीर असावा असं सांगतात. हेच बिशप स्थलांतरितांच्या बाजूने तितक्याच आग्रहाने बोलतात, आणि गोरे कॅथलिक मतदार त्याकडे फारसं लक्ष देत नाहीत. मतदार चर्चच्या शिकवणुकीतलं आपल्या राजकारणाशी जुळणारं तेवढं उचलतो. दर रविवारी मिसाला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला, जाणारे आणि वर्षातून नाताळला जाणारे यांच्यातही मोठी दरी आहे. शिवाय १९५४ पासून तिथल्या करमुक्त धार्मिक संस्थांना उमेदवाराचा प्रचार करण्यास कायद्याने मनाई आहे.

चर्चने खरोखर निवडणूक फिरवल्याचं एक उदाहरण म्हणून इटलीची १९४८ ची निवडणूक नेहमी सांगितली जाते. तिथे गावोगावच्या धर्मग्रामांतून, म्हणजे एकेका स्थानिक चर्चच्या हद्दीतून, कार्यकर्त्यांच्या समित्या उभ्या केल्या गेल्या आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने कम्युनिस्ट आघाडीचा मोठा पराभव केला. पण त्याच इटलीत १९७४ च्या जनमतात चर्चचा कडवा विरोध असूनही सुमारे ५९ टक्के लोकांनी घटस्फोटाचा कायदा कायम ठेवला. फिलिपिन्समध्ये साधारण ऐंशी टक्के लोक कॅथलिक आहेत. २०१६ मध्ये बिशपांनी ज्यांच्याविरुद्ध सावध केलं ते दुतेर्ते आरामात जिंकले.

भारतात हा विषय सर्वांत समृद्ध आहे तो केरळमध्ये. २०११ च्या जनगणनेनुसार तिथे १८.३८ टक्के लोक ख्रिस्ती आहेत, त्यांतले निम्म्याहून जास्त कॅथलिक. १९५७ मध्ये नंबुद्रीपाद यांचं कम्युनिस्ट सरकार आलं, त्याने खासगी शाळांवर (त्यांत चर्चच्याही होत्या) नियंत्रण आणणारा शिक्षण कायदा आणला, आणि चर्च रस्त्यावर उतरलं. ३१ जुलै १९५९ ला केंद्राने ते सरकार बरखास्त केलं. हा चर्चचा विजय म्हणून सांगितला जातो, पण मन्नत्तु पद्मनाभन यांची नायर सर्व्हिस सोसायटी, मुस्लीम लीग आणि काँग्रेस सोबत नसते तर हे आंदोलन इतकं पेटलं नसतं. अल्पसंख्य समाज एकटा लोकशाहीत काही पाडू शकत नाही. त्याला कुणाची तरी साथ लागतेच.

पुढे १९६४ मध्ये कोट्टायमला केरळ काँग्रेस स्थापन झाली. रबर पिकवणाऱ्या मध्य केरळच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचा हा पक्ष. तो इतक्या वेळा फुटला की त्याचे गट मोजताना पत्रकारांचीही दमछाक होते. २०२० मध्ये त्यातला माणी गट काँग्रेसच्या आघाडीतून उठून थेट डाव्यांबरोबर गेला. ज्या डाव्यांना बरखास्त करायला या समाजाचे आजोबा रस्त्यावर उतरले होते, त्यांच्याच आघाडीत! २०२४ मध्ये कोट्टायम लोकसभेला दोन प्रमुख उमेदवार केरळ काँग्रेसच्याच दोन गटांचे होते आणि जोसेफ गटाचे फ्रान्सिस जॉर्ज जिंकले. तिथला मतदार काय बघतो? रबराचा भाव, पश्चिम घाटातल्या शेतजमिनीवर येऊ घातलेले पर्यावरणाचे निर्बंध, रानडुकरं आणि हत्तींचा उपद्रव. मंगळवेढ्याचा ज्वारीवाला शेतकरी आणि मध्य केरळमधल्या पाला गावचा रबरवाला शेतकरी एका बाकावर बसले तर धर्माबद्दल कमी आणि भावाबद्दल जास्त बोलतील.

केरळचे कॅथलिकही एक नाहीत. डोंगराकडचे सिरो-मलबार या कॅथलिक शाखेचे शेतकरी वेगळे आणि किनाऱ्यावरचे लॅटिन कॅथलिक मच्छीमार वेगळे. तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम बंदरामुळे किनारा खचतो म्हणून २०२२ मध्ये लॅटिन चर्चने महिनोन्‌महिने आंदोलन केलं. सिरो-मलबार शेतकऱ्याच्या आयुष्यात त्या बंदराला फारशी जागा नव्हती. २०२४ ला तिरुवनंतपुरममध्ये शशी थरूर शहरी विधानसभा विभागांत मागे पडले आणि किनाऱ्याकडच्या भागांनी त्यांना सावरलं; विजय फक्त १६,०७७ मतांचा. त्याच दिवशी त्रिशूरमध्ये भाजपचे सुरेश गोपी ७४,६८६ मतांनी जिंकले, केरळमधून लोकसभेवर गेलेले भाजपचे पहिले खासदार. त्रिशूरमध्ये ख्रिस्ती मतदार लक्षणीय आहेत. काँग्रेसचे उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेले, यावरून काँग्रेसच्या परंपरागत मतांना, ख्रिस्ती मतांसकट, मोठं खिंडार पडलं हे दिसतं. एकाच राज्यात, एकाच दिवशी, एकाच धर्माचे मतदार दोन दिशांना गेले.

गोव्याबद्दल मराठी वाचकाला सांगताना मला १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलापासून सुरुवात करावीशी वाटते. ती राष्ट्रीय निवडणूक नव्हती, पण एका समाजाच्या मताने किती आणि कसा फरक पडतो याचा तो उत्तम धडा आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, हा प्रश्न होता. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली. कॅथलिक जवळपास एकमुखाने विलीनीकरणाच्या विरोधात होते, आणि आपल्याकडे आजही ‘ख्रिस्ती मतांमुळे गोवा गेला’ असं म्हणणारे भेटतात. ते अर्धसत्य आहे. गोव्यात तेव्हाही हिंदू बहुसंख्य होते. त्यांच्यातल्या मोठ्या गटाने वेगळ्या गोव्यासाठी मत दिल्याशिवाय ३४ हजारांचं अंतर पडलं नसतं. एकमुखी अल्पसंख्याकांची ताकद तेव्हाच दिसते जेव्हा बहुसंख्य समाज दुभंगलेला असतो.

दक्षिण गोवा हा लोकसभेचा मतदारसंघ हेच पुन्हा दाखवतो. सासष्टी तालुक्यामुळे तिथे कॅथलिक मतांना वजन आहे. तरी २०१४ मध्ये भाजपचे नरेंद्र सावईकर तिथून ३२ हजारांवर मतांनी जिंकले. त्याआधी २०१२ च्या विधानसभेत मनोहर पर्रीकरांनी कॅथलिक उमेदवारांना तिकिटं देऊन, खाण घोटाळ्यावर रान उठवून, सासष्टीत काँग्रेसला धक्का दिला होता. २०१९ मध्ये काँग्रेसचे फ्रान्सिस्को सार्दिन ९,७५५ मतांनी आणि २०२४ मध्ये विरियातो फर्नांडिस १३,५३५ मतांनी निवडून आले. म्हणजे हा मतदारसंघ फिरतो. आणि फिरतो म्हणूनच तिथे सगळ्या पक्षांना घाम गाळावा लागतो.

आपल्याकडे कायदा अमेरिकेपेक्षा कडक आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरतो, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्यात उमेदवाराबरोबर मतदाराच्याही धर्माचा समावेश केला. २०१७ ला गांधीनगरच्या आर्चबिशपांनी गुजरात निवडणुकीआधी पत्र काढलं तेव्हा त्यांना निवडणूक आयोगाची नोटीस आली. निकालावर त्या पत्राचा काही परिणाम झाल्याची खूण मला तरी आकड्यांत सापडत नाही. चर्चा मात्र भरपूर झाली आणि त्यातून समाजाबद्दल संशय वाढला.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती १०,८०,०७३, म्हणजे एक टक्क्याच्याही आत. मुंबई आणि वसईत कॅथलिक आहेत. वसईचे कॅथलिक घरात मराठीच्या बोली बोलणारे. त्यांच्यातलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये सोलापूरच्या शेजारच्या उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या हरित वसईच्या आंदोलनात विषय होता पाणी, जमीन आणि टँकर. तिथली राजकीय जागृती या मुद्द्यांतून आली आणि तिच्यात कॅथलिकांसोबत हिंदू शेतकरीही होते.

सोलापुरातले ख्रिस्ती बहुतांशी अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले प्रोटेस्टंट आहेत, संख्येने थोडे, आणि लोकसभेचा निकाल त्यांच्या मतांवर ठरत नाही. पण एक गोष्ट इथे बोललीच पाहिजे. आपला लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे. त्यामुळे इथला दलित ख्रिस्ती माणूस मत देऊ शकतो, पण राखीव जागेवर उभा राहू शकत नाही. काही कुटुंबं सवलती जाऊ नयेत म्हणून कागदोपत्री जुनीच नोंद ठेवतात, त्यामुळे जनगणनेतला आकडाही पूर्ण चित्र देत नाही. ‘ख्रिस्ती मतं किती’ असं मला कार्यकर्ते विचारतात. या लोकांना प्रतिनिधित्व मिळायला काय आड येतं, हे कोणी विचारत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

प्रबंधाला भारतीय जोड द्यायची असेल तर दक्षिण गोव्याचे २०१४, २०१९ आणि २०२४ चे फॉर्म २० घ्या. त्यात प्रत्येक बूथवरची प्रत्येक उमेदवाराची मतं दिलेली असतात. सासष्टीतले बूथ वेगळे काढा आणि आधी मतदानाची टक्केवारी बघा, मग पक्षाची मतं. पुष्कळदा मतदाराने पक्ष बदललेलाच नसतो. नाराज मतदार घरी बसलेला असतो किंवा तिसऱ्याकडे गेलेला असतो. २०२४ ला तिथे रेव्होल्युशनरी गोवन्स पक्षानेही १८ हजारांवर मतं घेतली, ती कुठल्या बूथवरून आली ते शोधा. बूथवर मत कोणी दिलं याचा धर्म कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून ‘कॅथलिक बूथ’ असा शब्द न वापरता ‘कॅथलिक वस्ती जास्त असलेला बूथ’ असंच लिहा, आणि त्या बूथमधली दुसरी वस्ती कोणती तेही शेजारी नोंदवा.